साडूच्या भिंतीला आलेले पोट

प्रथम तारखा. अक्षय्य तृतीया : माझ्या साडूंनी आपण थर्माकोलचे घर बांधणार असल्याचे माझ्याच घरी, माझ्याच पाटावर बसून जाहीर केले. पोळ्याची कर, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस : सदर थर्माकोलच्या ठोकळ्यांचा ट्रक साडूंच्या गावी, सोनाळ्यात उतरला. तुळशीच्या लग्नाचा आठवडा : भिंती ओतल्या. होळीच्या आधीचा रविवार : वास्तुशांती. गुढीपाडव्याचा तिसरा दिवस : माझी पत्नी ‘चार दिवस’ म्हणून घाट उतरली, ती मृग लागल्यावर परतली. आता भिंतीच्या पोटास जबाबदार व्यक्ती. क्रमांक एक, माझे साडू. क्रमांक दोन, माझी मेहुणी, जिने त्यांना जन्मात कधी अडवले नाही. क्रमांक तीन, मजुरांच्या टोळीचा मिस्त्री. क्रमांक चारचे नाव मी तूर्त राखून ठेवतो. ते योग्य वेळी दाखल करीन.

माझे साडू हा आमच्या बुलढाणा जिल्ह्याने, घाटावर आणि घाटाखाली मिळून, निर्माण केलेला सर्वांत असह्य सुखी माणूस आहे, हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो. न्यायालयाच्या कचेरीत माझी सारी नोकरी गेली. सुखी माणसे तेथे फारशी येत नाहीत, हे मान्य. तरीही जी येत, ती निदान निकालानंतर सुखी होत. हे गृहस्थ निकालाची वाट न पाहताच सुखी असतात. आम्हा दोघांची लग्ने एकाच मांडवात, एकाच मुहूर्तावर झाली. थोरली बहीण माझ्या वाट्याला आली, धाकटी त्यांच्या. वरातीत त्यांची घोडी किंचित लंगडू लागली, तेव्हा हे नवरदेव बाशिंगासकट खाली उतरले, घोडीचा खूर मांडीवर घेतला, त्यातला खडा काढला आणि घोडीला म्हणाले, “झालं बाई, चाल आता.” त्या लग्नात मी चांगला पिवळा रेशमी फेटा बांधला होता. आजतागायत त्या फेट्याचा उल्लेख कोणी केलेला नाही. घोडीचा मात्र दर लग्नसराईत होतो.

ते गुरांच्या दवाखान्यात लस टोचण्याच्या कामावर होते. डॉक्टर नव्हते; पण संग्रामपूर तालुक्यात त्यांना दुसऱ्या कोणत्याही नावाने हाक मारलेली मी ऐकलेली नाही, आणि या अनधिकृत पदवीबद्दल मी त्यांना वेळोवेळी लेखी सूचना दिलेली आहे. निवृत्तीनंतर गुरे सुटली, पण हात सुटला नाही. पाहुणा ओसरीवर टेकला की ते आधी त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहतात, मग पाणी किती पिता विचारतात, मग चहा. माझ्या पत्नीला एकदा ताप आला असता यांनी तिच्या कानाची पाळी चिमटीत धरली आणि मला सांगितले, “कान थंडे आहेत, भाऊसाहेब. घाबराचं काम नाही.” मी संतापलो. पत्नी हसली, आणि संध्याकाळपर्यंत ताप उतरला, ही गोष्ट मी केवळ नोंदीपुरती लिहितो.

या माणसाची खरी निष्ठा एकाच वस्तूवर : लसीच्या पांढऱ्या थर्माकोलच्या डब्यावर. तीस वर्षे तो डबा मोटारसायकलला मागे बांधून ते सातपुड्याच्या पायथ्याची गावे फिरले. घाटाखालचा उन्हाळा ज्याने सोसला आहे त्याला मी वर्णन सांगण्याची गरज नाही. ज्याने सोसलेला नाही त्याने तापलेल्या तव्यावर बसून पाहावे. त्या उन्हात सकाळी डब्यात ठेवलेला बर्फ संध्याकाळी झाकण उघडल्यावर जिवंत असे. साडू तो खडा तळहातावर घेऊन पाहत आणि त्याला चक्क नमस्कार करीत.

आणि याच उन्हाळ्यामुळे आमच्या दोन्ही घरांत एक रीत पडली होती. बुलढाणा घाटावर, हवा थंड. म्हणून पाडवा झाला की साडू, मेहुणी आणि तो डबा एस.टी.ने घाट चढून माझ्याकडे येत आणि मृगापर्यंत राहत. माझे घर विटांचे आहे, नकाशा मंजूर आहे, आणि मंजूर नकाशा मी काचेत मढवून बैठकीत लावला आहे. पाहुण्यांसाठी आंघोळीच्या वेळांचा तक्ता मी दरवर्षी नवा करीत असे. साडू तो कधी पाळत नसत. संध्याकाळी ते गच्चीवर अंग टाकून छातीभर श्वास घेत आणि म्हणत, “वा, भाऊसाहेब! काय हवा आहे हो तुमच्या घाटावर!” जणू ती हवा मी स्वतः अर्ज करून मंजूर करून आणली होती. हे वाक्य ते रोज म्हणत, आणि मी रोज ‘असो’ म्हणून विषय बदलत असे. ते वाक्य ऐकण्यासाठी मी संध्याकाळी गच्ची स्वतः झाडून त्यावर पाणी मारत असे, हे मी आजवर कोणासही सांगितलेले नाही.

अशा परिस्थितीत, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, चिंचवणीचा दुसरा पेला तोंडाला लावून ते म्हणाले, “भाऊसाहेब, जे थर्माकोल बरफाले वाचवते, ते माणसाले काऊन नाही वाचवणार?” मग त्यांनी तो डबा पाटाजवळ ठेवून समजावले. थर्माकोलसारख्याच, पण जरा टणक पदार्थाचे पोकळ ठोकळे येतात. एकावर एक खाचेत बसवायचे, पोकळीत लोखंडी सळया उभ्या-आडव्या घालायच्या आणि वरून काँक्रीट ओतायचे. साचा काढायचाच नाही. तो दोन्ही अंगांनी भिंतीला कायमचा चिकटून राहतो, आणि त्यावर जाळी ठोकून गिलावा. मधे काँक्रीटचा कणा, दोन्हीकडे गोधडी. ऊन बाहेर, गारवा आत. “म्हणजे तुम्ही डब्यात राहणार,” मी म्हणालो. “हाव!” ते आनंदाने म्हणाले. “बरफासारखे!” मेहुणी म्हणाली, “भाऊजी, पुढच्या उन्हाळ्यात तुमी दोघं आमच्याकडे या आता.” माझ्या पत्नीने तत्काळ ‘येऊ की’ म्हटले. मला कोणी विचारले नाही. त्या क्षणी माझ्या ध्यानात आले की हा माणूस केवळ घर बांधत नाही. हा माझा घाट माझ्या पायाखालून काढून घेत आहे.

मी गप्प बसणारा नाही. मी संबंधित कार्यालयाकडे तीन मुद्द्यांचा आक्षेप नोंदवला : एक, थर्माकोल हे बांधकाम साहित्य नसून आवेष्टन आहे, दोन, ते पेट घेईल, तीन, सदर बांधकाम गावाच्या प्रतिष्ठेस शोभणारे नाही. मला मुदतीत आणि सभ्य भाषेत उत्तर आले की भिंत काँक्रीटची आहे, ठोकळे लवकर न पेटणाऱ्या जातीचे असून गिलाव्याने झाकले जातील, आणि तिसरा मुद्दा कोणत्याही नियमात बसत नाही. साडूंना मी स्वतंत्र सात पत्रे लिहिली, नोंदणीकृत टपालाने. त्यांपैकी एकाचेही लेखी उत्तर नाही. प्रत्येक पत्रानंतर आठवडाभरात एस.टी.च्या वाहकाच्या हाती केळीचा घड किंवा संत्र्यांची पिशवी येई. पुढे कधीतरी मी विचारले, माझी पत्रे फाडली की काय? “छे छे!” ते म्हणाले. “डब्यात आहेत ना. लसीच्या. तुमचे पत्र लय गरम असतात भाऊसाहेब, थंड्या जागेत ठेवा लागतात.”

पोळ्याच्या करीला ट्रक आला तेव्हा मी मुद्दाम हजर राहिलो. साक्षीदार असणे बरे. गाव हसायला जमले होते. “काऊन हो डॉक्टर, कोनाच्या टीव्हीचे खोके फोडले?” एकाने विचारले. “लग्नाचा मखर बांधून राह्यले का?” दुसऱ्याने विचारले. साडू सगळ्यांबरोबर हसत होते, सगळ्यांत मोठ्याने. मग वारा सुटला. ठोकळे हलके, पाच-सहा उडाले आणि गडगडत शेजारच्या कपाशीत गेले. शेजारी एक ठोकळा डोक्यावर घेऊन बांधावर आला आणि ओरडला, “डॉक्टर, तुमची भित आमच्या पऱ्हाटीत आली हो!” त्या दिवशी मी इतका प्रसन्न होतो की परतीच्या बसमध्ये मला जागा मिळाली नाही याचेही काही वाटले नाही.

पुढचे दृश्य मात्र मला पाहावे लागले नसते तर बरे झाले असते. त्या भिंती रचायला गवंडी लागत नाही. ही साठी उलटलेली दोन माणसे रोज सकाळी स्वतःच रचीत. मेहुणी ठोकळा उचलून देई, साडू तो खाचेत बसवून वरून थापटी मारीत, बैलाच्या वशिंडावर मारावी तशी. ती काहीतरी बोले, ते काहीतरी बोलत, आणि दोघे ठोकळ्यांच्या आडोशाला हसत. माझे घर बांधताना मी पायाच्या दिवसापासून रोजनिशी ठेवली होती. ती मी घरी जाऊन पुन्हा चाळली. विटा मोजल्याची, मिस्त्रीस ताकीद दिल्याची, पाणी कमी मारल्याची नोंद आहे. आम्ही उभयता हसल्याची नोंद नाही.

आता तुळशीच्या लग्नाचा आठवडा, भिंती ओतण्याचा दिवस. ठोकळे पुरवणाऱ्यांचा माणूस आधी येऊन सर्व समजावून गेला होता : काँक्रीट एकदम भरायचे नाही. घरभर फिरत तीन फुटांचा एक थर द्यायचा, मग एक तास थांबायचे, खालचा थर जरा आवळला की पुढचा. घाई केली तर ओल्या काँक्रीटच्या भाराने साचा फुगतो. परंतु आमच्याकडच्या टोळीला स्लॅबची सवय. स्लॅब एकदा सुरू झाला की थांबत नाही, हा त्यांचा धर्म; मधे थांबणे म्हणजे नामुष्की, आणि संपल्याशिवाय जेवण नाही. जेवणही साधे नव्हते. मागच्या बाजूला गोवऱ्यांच्या आरात रोडगे लागले होते, वांग्याच्या भाजीचा वास ओतकामाच्या वर तरंगत होता. अशा टोळीला तासभर थांबवणार कोण? साडूंनी सर्वांसमोर जाहीर केले, “घड्याळ भाऊसाहेबापाशी. कायद्याचा मानूस आहे. त्यायनं ‘झाला’ म्हनल्याशिवाय एक टोपलं वर जानार नाही.” पुढच्या खोलीत, अजून छप्पर नसलेल्या त्या चार पांढऱ्या भिंतींत, माझ्यासाठी खुर्ची ठेवली गेली. आयुष्यात मला इतका नेमका अधिकार कोणी दिला नव्हता. मला तो आवडला, हेही लिहून ठेवतो.

पहिला थर झाला. काँक्रीट कालवणारे मशीन फिरत राहिले, माणसे थांबली. साडू दूरच्या कोपऱ्यात भिंतीला कान लावून लाकडी हातोड्याने ठोकत होते. आत पोकळी राहिली आहे का हे ते गाईच्या कुशीवर टिचकी मारून ऐकावे तसे ऐकत होते. भिंतीपलीकडे दोघी बहिणी रोडग्यांपाशी बसल्या होत्या. माझ्या पत्नीचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. “मी तर बाई पाडव्यालेच येईन. मृगापर्यंत राह्यतो. आमचं घर दुपारी भट्टीवानी तापते. आता घाटावरही कुठं राह्यली हवा?”

चाळीस वर्षांत माझ्या घराविषयी तिला असे बोलताना मी ऐकले नव्हते. तक्रार नव्हती, टोमणा नव्हता. भाजीत मीठ कमी आहे म्हणावे तसे ती सहज म्हणाली. त्याच वेळी मिस्त्री समोर आला. “काकाजी, झाला का टाइम? पोरं भुकेले होऊन राह्यले.”

मी घड्याळ पाहिले. पंचवीस मिनिटे झाली होती. मी ती नीट पाहिली. माझा चष्मा डोळ्यांवर होता.

मी म्हणालो, “झाला.”

दुसरा थर अर्धा भरला असेल, तोच माझ्या पाठीमागे बसलेले जनावर उठावे तसा आवाज आला, आणि पुढच्या खोलीची भिंत आतल्या अंगाने फुगू लागली. “मशीन थांबवा बे! फळ्या आना!” साडू कोपऱ्यातून धावत आले आणि त्यांनी सरळ पाठ लावली त्या फुगाऱ्याला. मी उठलो. का, ते सांगता येत नाही. मीही त्यांच्या शेजारी पाठ लावून उभा राहिलो. आम्ही दोघे साडू, एकाच मांडवात उभे राहिल्यानंतर पहिल्यांदाच, खांद्याला खांदा लावून उभे होतो. मागे टनभर ओले काँक्रीट. माणसे फळ्या, टेकू शोधत धावत होती. साडूंच्या कपाळावरून घाम गळत होता, आणि ते मला म्हणाले, “भाऊसाहेब, कमर सांभाळा. तुमची ती जुनी उसन आहे.”

टेकू बसले. भिंत तरली. कोणास इजा झाली नाही. बसल्या माणसाच्या कमरेच्या उंचीवर परातीएवढे पोट मात्र कायमचे राहिले. दोन दिवसांनी ठोकळेवाल्यांचा माणूस आला, त्याने पोटावरून हात फिरवला आणि विचारले, “कोणी घाई केली?” तेथे सगळे हजर होते : टोळी, मेहुणी, माझी पत्नी, कपाशीवाला शेजारी. मिस्त्रीने माझ्याकडे पाहिले. मी माझ्या घड्याळाकडे पाहिले. साडू म्हणाले, “माही चूक. मलेच दम निघाला नाही, म्याच भरा म्हनलं.” मिस्त्रीने तोंड उघडले, तेव्हा साडूंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला चहाला नेले. ठोकळेवाला म्हणाला, छिन्नीने तासून सपाट करता येईल. साडू म्हणाले, “राहू द्या. भित गाभन आहे. पहिल्या उन्हाळ्यात पाहू काय होते ते.” सारे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

ते घर थंड आहे. हे लिहिताना माझा हात जड होतो, पण खोटे मी एकदा बोललो, पुन्हा बोलणार नाही. भर वैशाखात दुपारी दार लावले की आत विहिरीच्या पायऱ्यांवर बसल्यासारखे वाटते. रस्त्यावरच्या ट्रॅक्टरचा आवाज भिंतीत शिरतो आणि तिथेच झोपतो. साडू सकाळ-संध्याकाळ गुरांचा ताप पाहण्याची नळी भिंतीला लावतात आणि मेहुणीला सांगतात, “ताप नाही. चारा खाईल.” माझी पत्नी तिथे दुपारी झोपते. घरी ती उन्हाळ्यात दुपारची झोपत नाही, हे मला तिला तेथे झोपलेली पाहिल्यावर कळले.

गेल्या उन्हाळ्यात पाडव्यानंतर माझ्या घाटावर कोणी आले नाही. मी सवयीने आंघोळीच्या वेळांचा तक्ता केला. त्यात एकच नाव होते. महिनाभर मी गच्चीवर पाणी मारले. संध्याकाळी हवा यायची, अगदी पूर्वीइतकी नाही, पण यायची, आणि तिला कोणी ‘वा’ म्हणत नसे. शेवटी मी पिशवी भरली आणि घाट उतरलो. साडूंनी दारातच माझी पापणी ओढून पाहिली, पाणी दिले, आणि पुढच्या खोलीत नेले. त्या पोटाला टेकून एक खुर्ची ठेवली होती. “बसा,” ते म्हणाले. मी बसलो. भिंतीचे पोट बरोबर माझ्या कमरेच्या बाकात बसले. जुन्या उसणीवर गार हात ठेवावा तसे. मेहुणी आतून म्हणाली, “भाऊजी, त्या खुर्चीवर हे दुसऱ्या कोनाले बसू देत नाहीत. पंधरा दिवस झाले, पाहुने आले तरी म्हनतात, ते भाऊसाहेबाची जागा आहे.”

सबब, आता क्रमांक चार. तुळशीच्या लग्नाच्या आठवड्यात, पंचवीस मिनिटांना एक तास म्हणून खोटी साक्ष देणारा इसम, नाव राखून ठेवलेला, तो मी आहे. ही कबुली मी स्वेच्छेने, कोणाच्याही दडपणाविना देत आहे. क्रमांक तीनचे नाव मी यादीतून वगळतो. त्या मिस्त्रीची काही चूक नव्हती. क्रमांक दोनचेही वगळतो. राहता राहिले क्रमांक एक, माझे साडू. त्यांना हे माझे आठवे पत्र समजावे. हे त्यांनी डब्यात ठेवू नये, याच्या बदल्यात केळी पाठवू नयेत. त्यांनी एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे : त्या दिवशी मी घड्याळ पाहून काय बोललो, हे त्यांना ठाऊक होते की नव्हते? ठाऊक असेल, तर ती खुर्ची त्या भिंतीपाशी त्यांनी मला शिक्षा म्हणून ठेवली की मान म्हणून? हे उत्तर त्यांनी येत्या अक्षय्य तृतीयेला, दोघी बहिणींसमोर, मिस्त्रीला आणि त्या कपाशीवाल्या शेजाऱ्यालाही बोलावून, मोठ्याने द्यावे. स्थळ त्यांच्या सोयीचे असावे म्हणून माझी गच्ची सुचवतो. संध्याकाळी पाणी मारून ठेवीन.